घरातले किडे : आधी बॅटरी हातात घ्या, औषध नंतर

मागच्या मे महिन्यात आमच्या दिराने गावाकडनं येताना डाळिंबावर मारायचं औषध आणलं, तेही बिसलेरीच्या बाटलीत ओतून, ढेकणासाठी. "वहिनी, एक झाकण बादलीत टाका आणि पलंगावर मारा, सकाळपर्यंत एक जिवंत राहिला तर मला विचारा." ढेकूण राहिले आरामात, आम्हीच घरात राहू शकलो नाही. रात्री दोन वाजता सगळं घर गच्चीवर, वासाने डोकं धरलेलं, धाकट्याला दोन उलट्या झाल्या म्हणून दवाखान्यात पळालो तर डॉक्टरांचा पहिला प्रश्न, औषध कोणतं होतं? कोणालाच माहीत नाही, बाटलीवर लेबल पाण्याचं. पोरगं ठीक झालं म्हणून आज हसून लिहितेय, पण तेव्हापासून मी या विषयात जरा जास्तच घुसले आणि आता आमच्या गल्लीत कोणाकडे काही निघालं की मलाच हाक असते.

तर पहिलीच गोष्ट, शेतातलं औषध घरात मारू नका. आपल्याकडे प्रत्येकाचं कोणी ना कोणी द्राक्ष-डाळिंबवाला असतो त्यामुळे ही बाटली घरात येणं लय सोपं असतंय. ती औषधं उघड्या वावरात, वारा-ऊन असताना मारायची असतात, बंद खोलीत गादीवर नाही. औषधाच्या डब्यावर चौकोनात एक रंगाचा त्रिकोण असतोय तो बघायला शिका, लाल म्हणजे अतिविषारी, त्याखाली पिवळा, मग निळा, आणि हिरवा सगळ्यात कमी. लाल-पिवळं घरात आणायचंच नाही. आणि कोणाच्या पोटात गेलंच किंवा वासाने लाळ, घाम, उलट्या, डोळ्याच्या बाहुल्या बारीक असं काही दिसलं तर मीठपाणी पाजून ओकायला लावत बसू नका, मूळ डबा हातात घ्या आणि थेट सिव्हिल किंवा जवळचा मोठा दवाखाना गाठा.

दुसरी गोष्ट म्हणजे बॅटरी. मोबाईलची चालेल. किडा कोणता आणि दिवसा बसतोय कुठं हे कळलं की अर्धं काम झालं, नाहीतर स्प्रे मारून आपण त्याला फक्त स्वयंपाकघरातनं हॉलमध्ये पाठवतो.

झुरळं

आपल्या घरात मुख्य दोन प्रकारची झुरळं असतात आणि दोघांचा इलाज वेगळा आहे, इथंच सगळे फसतात. एक मोठं, लालसर तपकिरी, साडेतीन-चार सेंटीमीटरचं, कधीकधी अंगावर उडत येणारं. ते गटारातलं, अमेरिकन झुरळ म्हणतात त्याला. दुसरं बारीक, फिकट तपकिरी, दीड सेंटीमीटरच्या आत, मानेवर दोन काळ्या उभ्या पट्ट्या, पंख असून उडत नाही, ते जर्मन झुरळ. लोक काय समजतात की बारीक म्हणजे मोठ्याचं पिल्लू. नाही हो, ते पूर्ण वाढलेलंच आहे, आणि खरा त्रास त्याचाच.

मोठ्याचं सोपं आहे. ते चेंबरमधून न्हाणीच्या जाळीतनं वर येतंय. न्हाणीखालच्या ट्रॅपमध्ये जे पाणी साठून राहतं ना तेच त्याला अडवत असतंय, आणि आपल्या उन्हाळ्यात जी न्हाणी वापरात नाही तिथलं पाणी वाळून जातं, मग रस्ता मोकळा. पाहुण्यांच्या बाथरूममध्ये झुरळं जास्त का, याचं उत्तर हे. तिथं आठवड्याला दोन तांबे पाणी ओता, जाळी बारीक भोकाची बसवा, चेंबरच्या झाकणाची फट सिमेंटने बुजवा.

बारक्यासाठी मात्र रात्र काढायला लागते. मी काय केलं, रात्री अकराला स्वयंपाकघराची लाईट बंद करून अर्धा तास बाहेर बसले, बॅटरीला पतंगाचा लाल कागद लावला, कारण लाल उजेड त्यांना फारसा जाणवत नाही, आणि मग आत गेले. ओट्यावर चार-पाचच होती. पण मिक्सर उचलून उलटा केला तर बुडाच्या जाळीत, मोटरच्या कडेने, एकाला एक चिकटून तीस-चाळीस बसलेली, मिशा तेवढ्या हलायलेल्या. रोज सकाळी त्याच मिक्सरवर शेंगाची चटणी वाटायचे मी. असंच फ्रिजच्या मागच्या मोटरपाशी, ट्रॉलीच्या बिजागरीत, फिल्टरच्या मागे, गॅसच्या शेगडीखाली बघा. जिथं मिरपूड सांडल्यासारखे काळे ठिपके दिसतील तिथं त्यांचं घर.

यांना स्प्रे मारून उपयोग नाही कारण समोर दिसतात ती थोडी, आणि मादी अंड्याची पिशवी मागे चिकटवून फिरते, एका पिशवीत ३०-४० पिल्लं, त्या पिशवीला औषध सहसा लागत नाही. इलाज जेलचा. फिप्रोनिल किंवा इमिडाक्लोप्रिड असलेलं झुरळाचं जेल इंजेक्शनसारख्या सिरिंजमध्ये मिळतं. मुगाच्या दाण्याएवढे थेंब, जास्त नाही, बिजागरीजवळ, फ्रिजमागे, ओट्याखालच्या कोपऱ्यात, स्वयंपाकघरात पंधरा-वीस ठिकाणी. झुरळ खातं, लगेच मरत नाही, आपल्या ठिकाणी जाऊन मरतं, मग बाकीची त्याची विष्ठा आणि मेलेलं झुरळ खातात आणि तीही जातात. दोन-तीन आठवड्यांनी परत एक हात मारायचा, कारण मधल्या काळात पिशव्या फुटलेल्या असतात. आणि जेल लावलं की तिथं हिट, फिनेल, खडू काही मारायचं नाही. आमच्या सासूबाईंनी दुसऱ्याच दिवशी "घाण दिसतेय" म्हणून सगळे थेंब फडक्याने पुसून वर स्प्रे मारला होता, तीनशे-साडेतीनशे रुपये पाण्यात आणि झुरळं जागच्या जागी.

जेल नको असेल तर जुना उपाय आहेच, बोरिक पावडर, कॅरमवर टाकतात ती, एक भाग, एक भाग कणिक, थोडी साखर, कांद्याच्या रसात मळून छोट्या गोळ्या. चालतो, पण सावकाश, आणि गोळी वाळून दगड झाली की झुरळ तोंड लावत नाही म्हणून पंधरा दिवसांनी बदलायच्या. रांगतं पोर किंवा मांजर असेल तर हे करू नका, गोळी अगदी पेढ्यासारखी दिसते.

रात्री ओटा कोरडा करून झोपा. अन्नापेक्षा पाणी त्यांना जास्त लागतं, सिंकमध्ये भांडी भिजत ठेवली की त्यांची पार्टी.

ढेकूण

ढेकणाची लाज वाटते लोकांना, म्हणून कोणी बोलत नाही आणि मग सगळ्या बिल्डिंगमध्ये पसरतात. घाणीचा आणि त्यांचा संबंध नाही, हॉस्टेलवरून आलेली बॅग, ट्रॅव्हल्सची सीट, जुन्या बाजारातला सोफा, एवढं पुरतं.

ओळख: मसुराच्या दाण्याएवढा, चपटा, तांबडा तपकिरी, रक्त प्यायला की फुगून लांबट होतो. पिल्लू जवळपास पारदर्शक, म्हणून दिसत नाही. चादरीवर शाईचे बारीक टिपके पडल्यासारखे डाग, गादीच्या शिवणीत पांढरी अंडी आणि काती. चावा रांगेत असला तर संशय घ्या पण नुसत्या चाव्यावरून ठरवू नका, डासाचाही तसा दिसतो, काहींच्या अंगावर तर चाव्याची खूणच उठत नाही. किडा प्रत्यक्ष सापडायला पाहिजे. गादीच्या गोठाच्या पट्टीत एटीएम कार्ड घालून ओढत जा, त्यात असतील तर बाहेर येतात. मग पलंगाचे सांधे, प्लायच्या कडा, स्क्रूची भोकं, भिंतीवरच्या फोटोची मागची बाजू, आणि उशाजवळचा प्लगचा बोर्ड, हा सगळे विसरतात. आमचे निम्मे तिथंच निघाले (मेन स्विच बंद करूनच उघडा, आणि आत औषध ओतू नका बरं का).

आता ऊन. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ ला जातो आणि सगळे गाद्या गच्चीवर टाकतात, छान, पण नुसती टाकलेली गादी वरून तापते आणि ढेकूण खालच्या सावलीत सरकतात, संध्याकाळी गादीबरोबर परत खाली. ढेकूण आणि अंडी मरायला साधारण ५० डिग्री आतपर्यंत पोचायला लागते. म्हणून कपडे, चादरी, उशा थोड्या थोड्या करून काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधा आणि दुपारभर तापलेल्या पत्र्यावर ठेवा, दोन-तीन वेळा पलटा. जाड गादी अशी आतून तापत नाही, तिच्या शिवणीवर इस्त्रीची वाफ किंवा वाफेचं मशीन फिरवा, सावकाश, भराभर नाही. लोखंडी पलंगाला मात्र उकळतं पाणी बेस्ट, सांध्यात ओता, आमची आजी हेच करायची आणि त्यात काही चूक नव्हती. रॉकेल ओतायची ते चूक होतं.

औषध मारायचंच तर सांध्यात आणि भेगांत, झोपायच्या जागेवर नाही, आणि ढेकणासाठी म्हणून लेबलवर लिहिलेलंच. बऱ्याच ठिकाणचे ढेकूण नेहमीच्या औषधाला आता दाद देत नाहीत, त्यामुळे एकदा मारून काम झालं असं समजू नका, अंडी साधारण सहा ते दहा दिवसात फुटतात म्हणून दहा-बारा दिवसांनी दुसरा हात, मग तिसरा. मधल्या काळात दुसऱ्या खोलीत झोपायला जाऊ नका, ते तुमच्या मागे येतील. उपाशी राहून ते काही महिने काढतात, त्यामुळे "सुट्टीत महिनाभर घर बंद ठेवलं की जातील" ही आशा सोडा. एवढंच बरं की ढेकणामुळे रोग पसरतो असं दिसलेलं नाही, झोप तेवढी जाते.

ज्वारी, डाळी आणि पीठ

हा माझा आवडता विषय कारण इथं औषधच लागत नाही. होळीच्या आसपास नवी शाळू ज्वारी येते, मंगळवेढ्याची मालदांडी वर्षभराची भरून ठेवणारी घरं अजून आहेत, आमचंही त्यातलं. सोंडा, म्हणजे पुढं सोंड असलेला काळपट बारीक किडा, दाण्याला भोक पाडून आत अंडं घालतो आणि वरून भोक बुजवतो. म्हणजे पोतं आणताना दाणा स्वच्छ दिसतो आणि महिना-सव्वा महिन्यात किडे "कुठून आले" कळत नाही. ते पोत्यातूनच आले. घेताना मूठभर दाणे पाण्यात टाका, तरंगणारे जास्त असले तर आतून पोकळ आहेत, ते पोतं नको.

भरायच्या आधी दोन-तीन दिवस कडक ऊन द्या, पातळ पसरून, आणि दाणा दाताखाली धरून बघा, कट्ट वाजून तुटला पाहिजे, दबला तर ओल आहे. ऊन दिलेलं धान्य गरम गरम कोठीत भरू नका, रात्रभर निवू द्या, नाहीतर झाकणाला आतून पाणी सुटतं आणि जाळी-बुरशी दोन्ही. कोठीत आधीचे तळातले चार दाणे राहिले असतील तर तेच विरजण, ब्रशने झाडून काढा, ऊन दाखवा. कडुलिंबाचा पाला घालायचा तर सावलीत पूर्ण वाळवून, हिरवा घातला तर उलट ओल वाढते.

डाळीचं वेगळं. मूग, मटकी, हरभरा, चवळी यावर पांढरा बारीक ठिपका चिकटलेला दिसला तर ते भुंग्याचं अंडं, गोल भोक दिसलं तर तो बाहेर पडून गेला. हा भुंगा अख्ख्या कडधान्याला लागतो, भरडलेल्या डाळीला फारसा नाही, म्हणून जुन्या बायका डाळ करून ठेवायच्या. किलोला एक छोटा चमचा एरंडेल किंवा गोडेतेल हाताने चोळून ठेवा, अंडं टिकत नाही. रवा, मैदा, बेसन थोडं थोडंच आणा, आणि फ्रीजरमध्ये जागा असेल तर आणल्या आणल्या तीन-चार दिवस आत ठेवून मग डब्यात भरा. पिठात धाग्यासारखी जाळी आणि गोळे दिसले तर ती पाकोळीची अळी, चाळून वापरण्यापेक्षा टाकून द्या, डब्याची झाकणाची खाच पुसा.

आणि कृपा करून धान्यात सेल्फॉसच्या गोळ्या ठेवू नका. त्या ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या असतात, हवेतल्या ओलीने त्यातून फॉस्फिन गॅस सुटतो, त्यावर उतारा नाही. खोलीत धान्याला गोळ्या लावून शेजारच्या खोलीत झोपलेली माणसं गेल्याच्या बातम्या येतात त्या याच. पाऱ्याची गोळीही नको, पारा विषच आहे.

वाळवी की घूण?

दारच्या चौकटीतून काही पडायला लागलं की लोक "वाळवी वाळवी" करतात. खाली पडलेलं बघा. मैद्यासारखं कोरडं पीठ आणि लाकडाला टाचणीएवढी गोल भोकं असली तर तो घूण, लाकडाचा भुंगा. भोकात सिरिंजने लाकडाचं औषध भरून मेण लावा, मिटला विषय. वाळवी पीठ पाडत नाही, ती मातीची बोटभर जाड नळी बांधत भिंतीवरून येते. नळीचा दोन इंच तुकडा मोडा आणि दोन दिवसांनी बघा, परत बांधली असेल तर आत चालू आहे. पहिला पाऊस झाला की संध्याकाळी ट्यूबपाशी पंखाचे किडे येतात आणि सकाळी फरशीवर नुसते पंख पडलेले असतात, ते घराच्या आतून निघाले असतील तर वाळवी घराखालीच आहे.

जुन्या पेठांत अजून माळवदाची घरं आहेत, सागाचे सर, वर माती, आणि कुठंतरी गळणारा नळ. वाळवीला याहून काय पाहिजे. गळती आधी थांबवा, लाकडाला टेकलेली रद्दी आणि खोकी हलवा. पण मुख्य वारूळ जमिनीत असतंय, वरची नळी झाडून फिनेल मारल्याने काही होत नाही, हे काम माणूस बोलावून करायचं. तो भिंत आणि फरशीच्या सांध्यात फुटाफुटावर ड्रिलने भोकं पाडून औषध भरतो आणि सिमेंटने बुजवतो. नुसता पंप घेऊन भिंतीवर फवारून निघाला तर पैसे देऊ नका.

बारीकसारीक

मुंग्यांची रांग फडक्याने पुसली की तासाभरात परत लागते. पाव चमचा टाकणखार, तीन चमचे साखर, थोडं पाणी, कापसाचा बोळा भिजवून बाटलीच्या झाकणात रांगेजवळ ठेवा आणि दोन-तीन दिवस हात लावू नका, आधी मुंग्या वाढतील, घाबरू नका, त्या ते घरी घेऊन चालल्यात. टाकणखार जास्त घातला तर वाटेतच मरतात आणि वारूळ तसंच राहतं. मुलांचा हात पोचेल तिथं नको.

कसर, ती चंदेरी माशासारखी सुळकन पळणारी, तिला खळ आवडते. म्हणून खळ केलेल्या सुती साड्या, इरकल, पुस्तकांची बांधणी तिथं ती असते. साड्या ठेवणीत टाकताना खळ धुऊन टाका, कपाट भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा. डांबर गोळ्या चालतात पण तान्ह्या बाळाच्या कपड्यात अजिबात नको, त्यातल्या नॅप्थलीनने काही बाळांच्या रक्तातल्या पेशी फुटून कावीळ होते.

बाथरूममधली केसाळ बदामी पंखांची चिलटं पाईपच्या आतल्या चिकट थरात वाढतात. स्प्रे नको, जाळी काढून लांब ब्रशने आतून घासा, लागोपाठ आठवडाभर. पालीला मात्र हाकलू नका, फुकटातली पेस्ट कंट्रोल आहे ती.

डास आणि आपलं पाणी

उजनी धरणाचं पाणी काही दिवसाआड येणार, त्यामुळे हौद, बॅरल, पिंप, रांजण, घागरी सगळं भरून ठेवायचं, यावर आपला इलाज नाही. पण डेंग्यूचा डास, पायावर पांढरे पट्टे असलेला, दिवसा चावणारा, त्याला गटाराचं नाही असंच साठवलेलं स्वच्छ पाणी लागतं आणि अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. म्हणजे दर आठवड्याला एकदा भांडं पूर्ण रिकामं झालंच पाहिजे. नुसतं उपडं करून भागत नाही, अंडी पाण्याच्या रेषेवर भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी राहूनही कित्येक महिने टिकतात, पाणी आलं की फुटतात. नारळाच्या काथ्याने ती रेष घासायची. मी ज्या दिवशी पाणी येतंय त्याच्या आदल्या संध्याकाळी बॅरल घासते, तळात उरलेलं पाणी झाडांना. हौद रिकामा होत नसेल तर त्यात गप्पी मासे सोडा. झाकणाला फट असेल तर जुनं सुती कापड इलॅस्टिकने बांधा. कूलरची टाकी, फ्रिजमागचा ट्रे आणि गच्चीवरचं टायर बॅटरी मारून बघा, पाण्यात वळवळ दिसली तर ओतून द्या, मातीत ओता, गटारात नको.

पेस्ट कंट्रोलवाला बोलवायचाच झाला तर तो "सगळ्या किड्यांचं एकच पॅकेज" म्हणतोय का बघा. म्हणत असेल तर दुसरा बघा. चांगला माणूस आधी फ्रिज ओढायला लावतो, बॅटरी काढतो, विचारतो की कधीपासून, कुठं दिसतंय. औषधाचं नाव बिलावर लिहून घ्या, डब्याचा फोटो काढा, दुसरा हात कधी मारणार त्याची तारीख घ्या. आमच्याकडे आलेल्या पहिल्याने डबा दाखवायलाच नकार दिला होता, "कंपनीचं सिक्रेट आहे मॅडम" म्हणे. त्याला चहा पाजून दारातनंच परत पाठवला, बिसलेरीच्या बाटलीवर आमचं एकदा झालेलं होतं.